पाणीत

टॅब्लेटमधली बाई रोज संध्याकाळी विचारते,
मांजर कुठे आहे?
पिवळं मांजर, तांबडं खोकं.
राजवी माझ्याकडे बघते. मी सांगायचं नाही, असं ठरलंय.
"आत."
टाळ्या वाजतात.
मांजर उडी मारून खोक्यावर बसतं. "वर." टाळ्या.
मग खोक्यामागून नुसती शेपटी दिसते,
"पाछळ," म्हणते राजवी,
आणि त्या बाईला गुजराती येत नाही.

पुण्याची असावी.
तिचे च्या, ला, त सगळे घडीवर घडी,
इस्त्रीवाल्याकडून आत्ताच आल्यासारखे.
आमच्या कारेलीबागेत पोर दिवसभर अंदर-बहार खेळते
आणि सहा ते साडेसहा आत-बाहेर शिकते.
नाशिकची माझी जाऊ म्हणते,
तुमचं मराठी म्हणजे खमणावर तुपाची धार.
म्हणू दे. लागतं छान.

दुसरा धडा, घर.
घराच्या वर काय आहे?
चित्रात आकाश, एक ढग, हसरा.
"ऊर्मिलाबेन."
पुन्हा प्रयत्न करा.
"आपण."
पुन्हा प्रयत्न करा.

मी चूक कशी म्हणू?
गेल्या वर्षी तीन दिवस आम्ही वरच होतो,
ऊर्मिलाबेनच्या हॉलमध्ये, ठाकोरजींच्या झुल्याशेजारी गादी टाकून.
खाली घर होतं.
घरात विश्वामित्री होती.
आदल्या रात्री जे जे खाली ते मी वर ठेवत गेले,
सिलिंडर ओट्यावर, तांदूळ दिवाणावर, दिवाण विटांवर,
गल्लीतल्या चौघांना हाका मारून फ्रिज टेबलावर,
आणि राजवी पायात पायात येत होती,
वर, वर, वर म्हणत.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
तांदूळ गेले. पाणी फ्रिजच्या पायांना लागून थांबलं.
भिंतीवर रेघ आहे अजून.
तेव्हा राजवीच्या हनुवटीला होती,
आता खांद्याला येते.

तिसरा धडा.
मगर कुठे आहे?
चित्रातली नदी निळी, शहाणी, दोन काठांच्या मध्ये.
"मेहताअंकलच्या गाडीखाली."
खरंच होती. वनखात्याची माणसं येईस्तोवर दुपार झाली,
सगळी गल्ली गच्च्यांवरून बघत होती
आणि मेहता ओरडत होते, बंपर सांभाळा.
पुन्हा प्रयत्न करा.
"पुलाखाली."
तेही खरं. रविवारी काळ्या घोड्याच्या पुलावरून
शेंगा सोलत आम्ही तिलाच शोधतो.
पुन्हा प्रयत्न करा.
मग अगदी हळू,
"पाणीत."
पाण्यात, असं म्हणा.

हे मात्र बाईचं बरोबर.
मी टॅब्लेट पालथा घातला.
कसं सांगायचं साडेचार वर्षांच्या पोरीला
की आपल्याकडे कशाच्याही आत शिरण्याआधी
शब्दाला वाकावं लागतं,
पाणी पाण्यात, खोकं खोक्यात,
ठेंगण्या दारातून डोकं सांभाळून गेल्यासारखं.
घर तेवढं घरात.
ते फारसं वाकत नाही.

"पाण्यात," ती म्हणाली. "पाण्यात, पाण्यात.
मम्मी, आपण पाण्यात होतो?"
नाही गं. पाण्याच्या वर.
"केवढं वर?"
याचा धडा त्या बाईकडे नाही.
एक जिना, मी म्हटलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं,
टॅब्लेट उचलून माझ्या हातात दिला.
"हा फ्रिजवर ठेव."
रोज ठेवते तिथेच, टाचा उंचावून,
तिच्या बुटांशेजारी, रेशनकार्डाच्या पिशवीवर.
फ्रिज अजून टेबलावरच आहे.
उतरवायला चौघे लागतात,
आणि चौघेही म्हणतात, रविवारी बघू.