नऊ दिवसांची पिशवी

ती पिशवी नऊ दिवस खुंटीवर होती.
ताडपत्रीची, एका कोपऱ्यात रक्त वाळून काळं पडलेली.
कोणी आणली, हे साऱ्या ठाण्याला ठाऊक.
उघडायची कोणी, ते कोणालाच नाही.
पुरवठ्याचे साहेब म्हणाले, माझ्यामागे पावाचा हिशेब आहे.
नकाशेवाले म्हणाले, रशियन कुठे येतं आम्हाला.
मी टंकलेखक.
मी तिच्यावर माझी टोपी अडकवायचो.

दहाव्या दिवशी उघडली. आत एक हुकूम होता:
गोठलेल्या तळ्यावरून, सहा तारखेला, पहाटे.
भिंतीवर अकरा तारीख होती.
तळ्याकाठची आमची तुकडी
तोवर बर्फाखाली गेली होती.

मग खोली मिळाली.
गावच्या शाळेतली, पहिलीच्या पोरांची; गुडघ्याएवढी बाकं,
एक शेगडी, आणि चार माणसांना एकच काम.
लेफ्टनंट तौनो पुल्किनेन, लढाईआधी पाणपक्षी मोजणारा.
हिल्या, सरहद्दीपलीकडे वाढलेली,
शिवीवरूनही माणसाचा जिल्हा सांगायची.
चौथा यालो. तो फारसा बोलायचा नाही, धूर मोजायचा.
शितावरून भात ओळखायचा,
आणि शीतही दुसऱ्याच्या ताटातलं.
घोड्याच्या लिदीत ओट किती, पेंढा किती.
बुटाचे टाके हातचे की यंत्राचे.

एकदा मेलेल्याच्या खिशातलं पत्र हिल्या वाचत होती:
‘गाय व्याली का? कळव. पत्ता बदललाय.’
माझी बोटं थांबली. गाईचंही टंकू?
‘सगळं,’ तौनो म्हणाला,
आणि नव्या पत्त्याच्या आकड्याखाली
पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली.
हा आकडा आमच्या कुठल्याच यादीत नव्हता.

फेब्रुवारीत तो कर्नलसमोर उभा राहिला:
नदीच्या वळणावरून येतील. तिसऱ्या रात्री.
कर्नल बराच वेळ नखं बघत बसले,
मग बटालियन मागे घेतली, शेगड्या पेटत्या ठेवून.

तिसऱ्या रात्री चाळीस मिनिटं
रिकाम्या खंदकांवर तोफा पडत राहिल्या.
सकाळी मी टंकलं:
हानी – दोन शेगड्या, एक किटली.

तह झाल्यावर खर्च तपासणारे आले.
या खोलीत चार माणसं नेमकं काय करत होती?
तौनोनं किटलीची नोंद पुढे सरकवली.
त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, मागची बाजूही.

खुंटी अजून आहे.
टोपी मी मांडीवर ठेवतो.