मधली मूठ

बाबा जिनिंगवर ग्रेडर होते.
गाडी काट्यावर आली की कोपरापर्यंत हात
कापसाच्या पोटात घालायचे.
"वरचा त कोणाचाबी पांढराच राह्यते, पोरी.
मंधातली मूठ काढून पाह्य."
सरकी दाताखाली धरायचे.
कट्ट वाजली तर वाळलेला माल,
नाही वाजली तर पाणी मारलेलं.
हुज्जत नाही. पावतीवर आकडा, पुढची गाडी.

मी अजून त्याच गावात, दर्यापूर रस्त्याला.
रात्री साडेदहाला लाईन येते,
लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवते.
एकोणचाळीस पॅच वाट बघत उभे.

मराठी शब्द अकारविल्हे लावतो माझा कोड.
एवढंच करतो.
कुठल्या बँकेत चालतो, कुणाच्या फोनच्या पोटात,
मला कोणी कळवत नाही.
बिघडला की मात्र रात्रीतून कळतं.

पहिला पॅच, एक स्वल्पविराम. घेतला.
दुसरा कंपनीच्या पत्त्यावरून, चार हजार ओळी,
'तुमचं सगळं आम्ही नव्यानं लिहून दिलंय.'
वरून पांढराशुभ्र.
मधे हात घातला तर टेस्ट एकही नाही
आणि अनुस्वार ओला.
परत. लिहिलं, तुकडे करून आणा,
एका गाडीत एकच माल.

एकजण ळ ला ल च्या मांडीवर बसवायला निघालाय.
सोयीचं पडेल म्हणतो.
म्हटलं, ळ ह च्या नंतर.
शाळेच्या भिंतीवर तक्ता तसाच रंगवलाय,
आणि ती भिंत माझ्या दारातून दिसते.
'हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?'

रास्त प्रश्न.
चहा ठेवला. आमचं पाणी खारं, दूध फाटलं.
कोण म्हणजे,
उद्या सकाळी जी शिव्या खाईल ती.

आधी दोघं होतो. अंजनगावचा हर्षदीप इंगोले
माझ्याहून बारीक बघायचा.
त्याला नोकरी लागली, मग मुलगी झाली,
मग त्याची उत्तरं
आठवड्यावरून महिन्यावर गेली
आणि एक दिवस मी विचारणं सोडलं.

यादीच्या तळाशी मोसंबी७७.
अकरा ओळी, खाली एक अक्षर खुलासा नाही.
चौदा महिने पडून आहे.
नाव वाचून दर वेळी पुढे गेले होते,
खोटं कशाला बोलू.
आज पाऊण वाजता लाईन अजून होती म्हणून
मूठ काढली.

कट्ट.

सहा वर्षांपूर्वी, जी अक्षरं कुठे बसवावी कळेना
त्यांना मी 'इतर' म्हणून शेवटी ढकललं होतं.
त्यात तो मिशीसारखा अर्धा र.
म्हणून माझ्या यादीत
वही यायची, वळण यायचं,
आणि त्याच्याही पलीकडे, गावकुसाबाहेर,
वऱ्हाड.
लग्नाचं असो की आमचं, दोन्ही.
मी वऱ्हाडात बसून वऱ्हाडाला
सहा वर्षं शेवटच्या पंगतीत जेवायला घालत होते.

त्या अकरा ओळींनी त्याला उचलून
वर्षाच्या शेजारी आणून ठेवलं.

सगळ्या टेस्ट चालवल्या. दोनदा.
नवी एक लिहिली, त्या एका शब्दासाठी.
मग मर्ज. खाली लिहिलं,
उशीर झाला. चूक माझी होती, तुमची ओळ बरोबर.
नाव काय लावू?

पहाटे उत्तर,
'मोसंबीच राहू द्या.
मी आता दुसऱ्याचा कोड वापरतो.'

बाबांच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीला
हंगाम संपला तरी कापूस चिकटलेला असायचा.
आई झटकायची, तो पुन्हा दिसायचा.
परत पाठवलेल्या गाड्यांचं ते घरी बोलत नसत.
एकदाच, जेवताना, कुणाला न विचारता म्हणाले,
"त्या खल्लारवाल्याचा माल चांगला होता."
आणि भाकरी मोडली.

सदतीस उरलेत.
नाही, छत्तीस. कंपनीचा तुकडे होऊन आला,
म्हणजे अठ्ठेचाळीस.