सरासरी सहाशे बारा

मिरजकर तिकटीपासून आत, मंगळवार पेठेत,
खाली डंक, वर मी.
खालचं मुसळ पडलं की वरचा लॅपटॉप दचकतो.
त्याच्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक ताणलंय,
तरी सातच्या बटणात संकेश्वरी शिरलीच;
माझ्या हिशेबातला प्रत्येक सात
जरा रागानं दाबलेला असतो.

मार्चच्या ऑर्डरी दोनशे चौदा.
जमा एक लाख तीस हजार नऊशे अडुसष्ट.
भागाकार निःशेष गेला:
सहाशे बारा.
बाकी शून्य उरली की वाटतं
कुणीतरी खरं बोललं.

मग यादी वरून खाली चाळली.
सहाशे बाराची ऑर्डर
कुणीच केलेली नव्हती.

सगळ्यांना ओळीत लावलं,
शाळेत प्रार्थनेला उंचीनं उभं करतात तसं.
मधोमध सापडले तीनशे पंच्याऐंशी:
अर्धा किलो कांदा-लसूण, बाकी काही नको.
टोकाला एकटाच धिप्पाड,
अठरा हजार चारशे, पुण्याचं कुठलंसं हॉटेल.
त्याला बाजूला बसवून पुन्हा भागलं.
पाचशे अठ्ठावीस, वर थोडे पैसे.
म्हणजे या गड्यानं दोनशे तेरा पानांत
त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी रुपये
न मागता वाढले होते.

मगदूम वहिनी वर आल्या, पदरानं नाक दाबून.
“किती निघाली म्हणालास?”
सांगितली.
“सरासरीनं तिखट घालतात व्हय रे?
एकाच्या डोळ्यात पाणी,
दुसरा म्हणतोय अळणी झालंय.”
आणि शिंकल्या, तीनदा.

चारशे नव्याण्णवला पोस्टेज माफ.
तिथं आलेखाला टेंगूळ आलंय:
पाचशे ते पाचशे वीस, एकेचाळीस घरं.
कुणी शेवटी तिळाची चटणी टाकली,
कुणी नको असलेली मोहरी.
साठ रुपये वाचवायला सत्तरची मोहरी.
हसू नये. मीही असाच घेतलाय
हा दुसरा माऊस.
पण चारशे सत्तरला थबकून
टोपली तिथंच ठेवून जे परत गेले
ते या यादीत नाहीत.
त्यांची सरासरी कशी काढायची
हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

रांगेच्या पहिल्या टोकाला सगळ्यात बुटकी ऑर्डर.
शंभर ग्रॅम, पंच्याऐंशी रुपये,
वर साठ टपालाचे.
भिलाई, अनसूया हंजे.
नियम मी लिहून ठेवला होता:
तीनशेच्या आतलं घ्यायचं नाही,
पुडीपेक्षा खोकं महाग पडतं.
सूचनेच्या रकान्यात बाईंनी लिहिलेलं:
पुडी घट्ट बांधा. मागच्या खेपेला
वास वाटेतच संपला.

मागच्या खेपेला?
नाव टाकून शोधलं.
दर महिन्याच्या चार तारखेला एक ओळ,
एकतीस महिने,
एकदाही अर्धा किलो नाही, एकदाही नागा नाही.
दोन हजार सहाशे पस्तीस.
मी आजवर ऑर्डरी मोजत होतो,
माणसं मोजायची राहून गेली होती.
हॉटेलचं नावही टाकून पाहिलं.
एकच ओळ.

“एवढंसंच का मागवत असतील?” मी विचारलं.
वहिनी म्हणाल्या, “डबा लहान असंल.”
मग जरा थांबून,
“किंवा खाणारं एकच असंल.”
आणि खाली गेल्या, बेडगीचं पोतं फोडायला.

साडेपाचला सरदार शिकलगार आला,
टपालाची पोती बुलेटला बांधायला.
भिलाईची पुडी हातात घेऊन म्हणाला,
“ही काय, आत पिशवी, वर पिशवी, वर परत दोरा?
वजन बघा, टप्पा ओलांडला. सात रुपये जादा पडणार.”

मी सात दाबला.
या वेळी तो जोर न लावता उमटला.
किमान ऑर्डरचा रकाना अजून उघडाच आहे,
आत कर्सर लुकलुकतोय,
आणि खाली मुसळ पडतंय, पडतंय,
पुढच्या कुणाच्या तरी नाकात जायला.