अंगावरून वारं

सातपूरला, पत्र्याच्या कारखान्यावरच्या मजल्यावर
रात्री अकरानंतर आम्ही दोघंच :
मी आणि वॉचमन गांगुर्डे.
स्क्रीनवर एक चिनी प्रश्न,
कुठल्याशा गावातून कुणीतरी विचारलेला –
वडिलांना वारं लागलंय.
किती तासांत औषध दिलं तर हात परत येतो?

उत्तर इंग्रजीत आहे, मला ठाऊक आहे.
नानचांगला पाच वर्षं काढलीत मी.
डॉक्टरकीचा कागद आईच्या कपाटात, साड्यांखाली;
इथली परीक्षा अकरा मार्कांनी गेली,
मग सातने.
आता शब्द जुळवते. जोडीला चार रुपये.

मशीनने 'चुंगफंग'चे दोन तुकडे केले,
लागणं आणि वारा,
आणि पुढ्यात आणून टाकले
स्कॉटलंडच्या पवनचक्क्यांचे अहवाल,
वादळात उडालेल्या छपरांचे विमे,
सहाव्या नंबरावर, देवाची कृपा, कानदुखी.
इंग्रजी म्हणते स्ट्रोक. म्हणजे फटका.
फटक्याची आणि वाऱ्याची ओळख कोण करून देणार?

गांगुर्डे चहा ठेवता ठेवता वाकले,
"काय अडलंय, ताई?"
सांगितलं : वारं लागतं, हात जातो, तोंड वाकडं होतं.
"मंग त्यात काय? अंगावरून वारं गेलं.
आमच्या मेहुण्याच्या गेलं, निफाडला, द्राक्षकाढणीत.
कात्री गळाली हातातली. त्याला वाटलं, थंडीनं.
सिव्हिलला आणेस्तोवर दिवस मावळला."

चहावर साय धरली.
परदेशी सुरांसकट घोकलेला शब्द
आणि तो इथेच होता,
कुणी आजारी पडलं की ओट्यावर बसून बोलायचा.

रकान्यात मराठीला जागा नाही.
मी 'वारं' आणि 'फटका' एकमेकांना बांधले,
खाली टीप लिहिली, कोणी वाचणार नाही अशी,
आणि पुन्हा शोधलं.
हवा तो लेख तिसरा आला. साडेचार तास, म्हणतो.
त्याच्या डोक्यावर अजून एक पवनचक्की फिरतेय,
आणि एक विमा.

"पोचलं का मग त्याला?"
मी तारीख बघितली.
प्रश्न दोन वर्षांपूर्वीचा.
"त्याला नाही. पुढच्याला, कदाचित."

गांगुर्डेंनी मफलर कानांवरून ओढला,
उठून खिडकी लावली,
आणि कडी बसली का
दोनदा बघितलं.