चौदा ओळी वगळल्या

सोमवारपासून नवं सॉफ्टवेअर.
कीर्तनेसाहेबांनी वर्षाचं भाडं भरलं, वर म्हणाले,
हल्ली विकत काही देतच नाहीत, बाई.
माझगावातली ही जागा भाड्याची होतीच,
आता गणितही.

जुन्या मशीनच्या पाठीला हिरवा डोंगल,
सेलोटेपनं चिकटवलेला. तो हलला
की आख्खं ऑफिस बेरोजगार.
निवृत्त होताना चुरीसाहेब मला
एवढंच बोलले होते:
मंगलला सांग, त्या बाजूनं झाडू नको.

मुलुंडची शर्मिष्ठा सोसायटी. सत्त्याण्णव सालची.
तळमजला अधिक सात.
गच्चीवर आणखी एक टाकी झेपेल का, विचारतायत.
जुनी फाइल मी नव्यात उघडली
आणि इमारत आडवी पडली.

अक्षरशः. कुशीवर.
जुन्याला वाय म्हणजे आभाळ, नव्याला झेड.
सात मजले ठाण्याच्या दिशेनं पाय पसरून,
टाकीसकट, जिन्यासकट.
पलीकडच्या टेबलावरची ऋजुता हसली,
एक क्लिक, मॅडम,
आणि इमारत उठून उभी राहिली
डुलकीतून दचकलेल्या वॉचमनसारखी:
उभी खरी, पण टोपी जागेवर असेलच असं नाही.

नव्हतीच.
जिथे बिजागरी होती तिथे घट्ट सांधा.
लिफ्टच्या खोलीतला आयएसएमबी तीनशे सापडेना,
म्हणून त्यानं परस्पर एक परदेशी गर्डर बसवला
जो कुर्ल्याच्या एकाही गोदामात मिळायचा नाही.
स्वतःचं वजन दोनदा मोजलं.
ते एक मी समजू शकते,
चाळिशीनंतर मीही तेच करते.

हे सगळं दुरुस्त होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत
आकडे जुन्याशी जुळले, दोन टक्क्यांच्या आत.
कोपऱ्यात एक पिवळी पट्टी तेवढी उरली:
चौदा ओळी वगळल्या.

त्या नुसत्या टिपा, ऋजुता म्हणाली,
गणिताला लागत नाहीत.

मी खाली वाकले, डोंगलला धक्का न लावता
जुनं मशीन सुरू केलं.
प्रत्येक टिपेआधी एक चांदणी, आणि पुढे
इंग्रजी अक्षरांतलं चुरीसाहेबांचं मराठी,
कारण तेव्हा मशीनला देवनागरी यायची नाही.

दुसरा मजला, रस्त्याकडची बाल्कनी.
मिरवणूक बघायला सगळा मजला इथे उभा राहणार.

बीम सत्तेचाळीस. मिस्त्री म्हणतो बारीक आहे.
मिस्त्री बरोबर.

चौथा मजला, संडासाचा स्लॅब.
इथे पाणी मुरणार. दोन सळ्या जास्त.

बिल्डर म्हणतो सळ्या काढा. काढणार नाही.

आणि एक, आगापीछा नसलेली:
रात्री दीड. बाबा गेले. फोन आला.
कॉलम सी नऊ पुन्हा तपासणे.

नवी टाकी सी नऊवरच येते.

तपासला. जुन्यात एकदा, नव्यात एकदा,
मग कागदावर, पेन्सिलीनं,
त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं, शेवटी दोन रेघा ओढून.
बरोबर होता.
वसईचा नंबर फिरवला, आणि वाजायच्या आत ठेवला.
पावणेदहा झाले होते. ते लवकर झोपतात.

नव्याला देवनागरी येते, असं पत्रकात लिहिलंय.
मी टिपा टाकायला घेतल्या,
पडद्यावर ओळीनं रिकामे चौकोन.
मग मीही इंग्रजी अक्षरांवर आले,
ithe paani murnaar.
एकेक ओळ, चहा गार होईपर्यंत.

त्या रात्रीची ओळ टाकावी की नाही
यावर ऋजुताचं आणि माझं जरा वाजलं.
खासगी आहे, ती म्हणाली. मीही तेच म्हणत होते,
पण उलट बाजूनं.

टाकली.

पंधरावी माझी:
टाकी झेपते. पाच हजार लिटर.
त्याहून मोठी मागितली तर नाही म्हणणे.