प्रात्यक्षिक

राज्यशास्त्राला प्रात्यक्षिक नसतं
असं मी एकोणीस वर्षं धरून चालले.
बुंगोमाच्या या कॉलेजात
सार्वभौमत्वाच्या चार व्याख्या,
पाचवी वेळ उरला तर.

या सत्रात चाचणीच रद्द केली.
म्हटलं, काउंटीच्या बजेटची सुनावणी आहे,
एक प्रश्न विचारून या.
उत्तर नाही मिळालं तरी गुण.

लुस्वेती वर्गात कधी बोललेला नाही,
हजेरीलाही नुसतं बोट वर.
तो उठला
आणि हातातला कागद असा थरथरला
की मागच्या रांगेत ऐकू आला.

"पान सत्तेचाळीस, साहेब.
वसतिगृहामागची मोरी.
दोन वर्षांपूर्वी बांधून झाली, असं लिहिलंय.
आम्ही अजून चपला हातात घेऊन ओलांडतो."

साहेबांनी चष्मा पुसला.
नोंद घेतली, म्हणाले. पुढचा.

परतताना माटाटूत सगळे गप्प.
स्टेंड्याच्या उताराला खुलोबा एकदम हसली :
"मॅडम, त्यांनी सत्तेचाळीसावं पान
उघडलंच नाही!"

पुढच्या महिन्यात मी कुणालाच पाठवलं नव्हतं.
तरी सभागृहाच्या दाराशी अकरा जण,
चपलांचा चिखल मुद्दाम न धुता,
आणि मेसमध्ये उगाली रांधणारी नाफुलाबाई,
ओला पदर खोचून,
पान सत्तेचाळीसची झेरॉक्स घडी घालून मुठीत.
तिला वाचता येत नाही.
तिनं पान पाठ केलं होतं.

मोरी अजून झालेली नाही.

गुणपत्रकात लुस्वेतीच्या नावापुढं
पेन टेकवते, उचलते.
रकाना दोनच अंकांचा आहे.
नाफुलाबाईचं तर
पटावर नावच नाही.