मायनस ऐंशी

सिंदेवाही सोडून नवेगावकडं वळलं की डाव्या हाताला बोडी,
बोडीच्या पाळीला लागून विद्यापीठाची पाटी:
स्नायू व मज्जातंतू संशोधन संस्था.
गावाला आम्ही नुसता नसांचा दवाखाना.
कुणी कंबर धरून येतं,
एकजण तर लंगडा बैल घेऊन आला होता.
मुरलीधरनं आधी त्याला चहा पाजला,
मग गुरांच्या डॉक्टरचा रस्ता दाखवला.

मंगळवारी मुलं येतात.
डॉक्टर देवतळे खुर्ची सोडून फरशीवर बसतात,
म्हणतात, चल, ऊठ बरं माझ्याआधी.
मूल पालथं होतं, ढुंगण वर काढतं,
हात गुडघ्यावर, मग हात मांडीवर,
असं आपल्याच अंगावर चढत चढत
उभं राहतं. हसतं, शर्यत जिंकल्यासारखं.
डॉक्टरांच्या हातात घड्याळ. अकरा सेकंद.
मागच्या खेपेला सात होते.

(भरल्या पोटऱ्या पाहून आजा म्हणाला होता,
पैलवान होते पोट्टा.)

घराण्याचा तक्ता मी काढते.
चौकोन पुरुष, गोल बाई,
गेलेल्यावर तिरपी रेघ.
यमुना गुरनुलेच्या कागदावर
एक मामा, दोन भाऊ, तिन्ही चौकोनांवर रेघ.
"त्यायले वारं लागलं होतं मने."
मग तिच्या गोलात मी मधोमध ठिपका दिला.
"हा टिकला काहाचा?"
पुस्तकात त्याला वाहक म्हणतात.
मी म्हणाले, नुसती खूण आहे, तुमचा दोष नाही.
दोष हा शब्द मी काढायला नको होता.
तेवढाच तिनं पदरात बांधून नेला.

बुधवारी बायोप्सी.
मांडीतून तुकडा घ्यायचा, केवढा,
तर धानाच्या दाण्याएवढा.
संमतीपत्र चार पानी, त्यातली मराठी नागपूरहून आलेली:
सदर नमुना, जतन, अनामिक, दहा वर्षे.
मी ते दारातल्या बोलीत उलगडून सांगते,
अंगठा उमटतो,
दाणा नायट्रोजनात बुडतो, पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडते,
आणि तो फ्रीजरमध्ये जातो. मायनस ऐंशी.
चारशे बारा दाणे आहेत आत.

रात्री लाइन जाते.
मुरलीधर नैताम फ्रीजरशेजारी सतरंजी टाकून निजतो,
निजतो म्हणजे काय, अर्ध्या अर्ध्या तासाला वहीत लिहितो:
-७८
-७६
-७३, जनरेटर उचलत नाही
-७१, डिझेल आणाले पोरगा गेला.
पीएचडीची मुलं दोन वर्षांनी निघून जातात,
निधीही दोनच वर्षांचा असतो.
मुरलीधर बावीस वर्षांपासून रोजंदारीवर आहे.

हंसराज गुरनुले मागल्या मार्गशीर्षात गेला.
सतरावं लागलं होतं. शेवटी बोटं तेवढी हलायची,
त्या बोटांनी तो मोबाइलवर आम्हाला
क्रिकेटचा स्कोअर पाठवायचा, न विचारता.

यंदा धानाची चुरणी आटपून यमुना आली. एकटीच.
"त्याचं काही हाय का तुमच्यापाशी?"
मी रजिस्टर पाहिलं. दोनशे सात, तिसरा कप्पा.
आहे, म्हणाले.
"दाखवता?"
दार उघडलं की पारा चढतो,
शेजारी दुसऱ्यांची चारशे अकरा लेकरं.
नाही येत दाखवता, म्हणाले.
भांडली असती तर बरं झालं असतं.
तिनं फ्रीजरच्या बाजूच्या पत्र्यावर तळवा टेकवला.

आत गोठवायचं तर आतली ऊब बाहेर टाकावी लागते,
म्हणून असल्या यंत्राचं अंग तापतं.
हे मला तिला सांगायचं होतं.
"गरम हाय," ती म्हणाली.

मुरलीधरनं स्टूल आणून ठेवलं.
कामाचा माणूस म्हणून तो मग बाहेर जाऊन
उगाच जनरेटर पुसत बसला.

वहीत त्या दुपारी त्याच्या अक्षरात:
२ वाजता, -७९. दार उघडले नाही.